मोठ्या सरांना सांगणार कोण?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देतेय.)

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं ४५ बेडचं खाजगी हॉस्पिटल. सासरे जनरल सर्जन, वय ७१, त्यांनी १९८४ मध्ये ६ खाटांवर सुरू केलं, सगळं गाव त्यांना मोठे सर म्हणतं. नवरा ऑर्थोपेडिक, तो छोटे सर. सासूबाई कॅश काउंटरवर, दीर खालचं मेडिकल बघतो. पत्र लिहिणारी या घरची सून, ३४ वर्षांची, हॉस्पिटल मॅनेजमेंट शिकलेली, लग्नानंतर सहा वर्षं 'अ‍ॅडमिन बघते'. जानेवारीत एका महिन्यात तीन ऑपरेशनच्या पेशंटच्या टाक्यांना पू झाला. तिने खोदून विचारलं तेव्हा ऑपरेशन थिएटरमधला, म्हणजे ओटीतला, ब्रदर (पुरुष नर्स) म्हणाला, ऑटोक्लेव्हच्या (ऑपरेशनचं सामान वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) प्रेशरचा काटा अडकतोय हे मी डिसेंबरातच इनचार्ज सिस्टरना सांगितलं होतं. सिस्टर म्हणाल्या, मागे एकदा मशीनबद्दल बोलले तर सर सगळ्यांसमोर "तुला जास्त कळतं का" म्हणून ओरडले, म्हणून या वेळी नाही सांगितलं. सुनेने हे रात्री जेवताना काढलं. सासरे ताटावरून उठले, "चाळीस वर्षांत माझ्या टाक्यांना पू झाला नाही." नवरा म्हणतो, बाबा या वयात काय बदलणार, चार-पाच वर्षं थांब. मधेच एका मोठ्या हॉस्पिटल चेनकडून ५१ टक्के घेऊन मॅनेजमेंट चालवायची ऑफर आलीय, आणि तिला स्वतःला पुण्यातून नोकरीचं बोलावणं आहे. तिचा प्रश्न: थांबू, विकायला लावू, की सोडून जाऊ? आणि सासऱ्यांना समजवायचं कसं?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकच शोधत होते. तो ऑटोक्लेव्ह दुरुस्त झाला का? सासरे ताटावरून उठले हे लिहिलंय, नवरा गप्प बसला हे लिहिलंय, सासूबाईंनी आमटी परत गरम केली हेसुद्धा लिहिलंय, पण मशीनचं पुढे काय झालं ते कुठेच नाही. म्हणून उत्तराआधी हे काम. काटा दुरुस्त होऊन कॅलिब्रेशनचा कागद हातात येईपर्यंत ठरवून करायची ऑपरेशन्स पुढे ढकला, इमर्जन्सी असेल तर ड्रम (निर्जंतुक करायच्या सामानाचे डबे) दुसऱ्या हॉस्पिटलमधून करून आणा, तालुक्याच्या गावात डॉक्टर मंडळी एकमेकांना एवढी मदत करतातच. ओटीची लिस्ट तुम्हीच लावता असं तुम्ही लिहिलंय. मग ढकलायला कोणाची परवानगी लागते?

आणि मशीन ठीक झालं तरी 'टेप काळी झाली म्हणजे झालं' यावर राहू नका. ड्रमच्या बाहेर लावलेल्या टेपवर काळ्या रेघा उमटतात त्या फक्त एवढंच सांगतात की हा ड्रम गरम वाफेतून गेलाय. आत मधोमध, गुंडाळलेल्या कपड्यांच्या पोटात, १५ पौंड प्रेशर आणि १२१ डिग्री पुरेसा वेळ पोचलं का ते टेपला माहीत नसतं. त्यासाठी प्रत्येक ड्रमच्या आत केमिकल इंडिकेटर (आत पुरेशी वाफ पोचली की रंग बदलणारी पट्टी) आणि आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट. उष्णतेला लवकर दाद न देणाऱ्या जिवाणूंचे स्पोअर असलेली पट्टी आत ठेवायची, नंतर ती वाढवून बघायची, काही उगवलं तर मशीन नापास. खर्च फार नाही, छोट्या हॉस्पिटलांत ती टेस्ट राहून जाते ती पैशामुळे नाही, कोणी विचारत नाही म्हणून.

आता तुमचा प्रश्न. थांबू, विकू की जाऊ. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट तुम्ही धरून चाललाय, की मोठे सर हीच अडचण आहे, ते बाजूला झाले किंवा तुम्ही बाजूला झालात की प्रश्न सुटेल. मला तसं वाटत नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलाय की छोट्या सरांनी मागच्या वर्षी ड्रिल चालत नाही म्हणून ट्रे भिरकावला होता. म्हणजे उद्या मोठे सर घरी बसले आणि त्यांच्या खुर्चीत तुमचे यजमान बसले तर सिस्टर जाऊन सांगतील? त्या आता एका सरांना घाबरतात, मग दुसऱ्यांना घाबरतील. खुर्चीत कोण बसलंय यापेक्षा खालची वाईट बातमी त्या खुर्चीपर्यंत किती दिवसांत पोचते हे मला महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडे डिसेंबरात निघालेली बातमी जानेवारीच्या शेवटी पोचली, तीही तुम्ही खोदून काढली म्हणून, आणि मधल्या काळात ती तीन माणसांच्या पोटावरून गेली.

हे फक्त घरच्या हॉस्पिटलांत होतं असं अजिबात नाही. मी स्वतः एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या कमिटीवर नऊ वर्षं होते, महिन्याच्या पहिल्या शनिवारी मीटिंग, बटाटेवडे यायचे, विषयपत्रिका छापून यायची, मिनिट्स अगदी शुद्ध मराठीत लिहिली जायची. नऊ वर्षांत आम्ही नव्या विंगच्या फरशीवर तीन मीटिंगा घालवल्या, देणगीदारांच्या पाटीवर कोणाचं नाव आधी यावर चार. टाक्यांना पू किती जणांच्या झाला हा विषय एकदाही आला नाही. एकदाही नाही. मीही काढला नाही, मला वाटायचं ते डॉक्टर लोक बघत असतील आणि डॉक्टरांना वाटायचं कमिटीला यातलं काय कळतंय. दोघांच्या मधल्या त्या जागेत काय काय पडून राहिलं असेल याचा विचार आता येतो आणि नीट झोप लागत नाही.

चेनच्या ऑफरबद्दल. कॉर्पोरेट आलं की सिस्टिम येते असं तुम्ही लिहिलंय, आणि ते निम्मं खरं आहे. प्रोटोकॉल येतील, ऑडिट येईल, इन्फेक्शन कंट्रोल नर्स येईल, पगार वेळेवर बँकेत जमा होतील. पण शेअर बाजारात असलेल्या कुठल्याही हॉस्पिटल कंपनीचं तिमाही सादरीकरण उघडून बघा, पहिल्या काही पानांतच ऑक्युपन्सी आणि एका भरलेल्या बेडमागे रोजचा सरासरी महसूल, ज्याला ती मंडळी आर्पोब म्हणतात, हे आकडे दिसतील. वर जो आकडा विचारला जातो तोच खाली मोजला जातो. तुमच्या गावात जो माणूस येईल त्याला दर महिन्याला त्या आकड्यांचा हिशोब द्यायचाय, टाक्यांचा द्यायचाय का ते करारात वाचा, आणि नसेल तर घालून घ्या.

मोठ्या ब्रँडमध्येही बातमी दारात अडते. ९ डिसेंबर २०११ ला पहाटे कोलकत्याच्या ढाकुरियातल्या एका बड्या खाजगी हॉस्पिटलला आग लागली, नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक पेशंट, बरेचसे धुराने गुदमरून. तळघरात पेट घेईल असं सामान साठवलेलं होतं. त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं की शेजारच्या वस्तीतल्या लोकांना धूर दिसला, ते धावत गेले, आणि गेटवरच्या गार्डनी त्यांना परत पाठवलं. मला त्या सगळ्या प्रकरणात तो गार्ड विसरता येत नाही. त्याला कोणी तरी शिकवलं असणार की बाहेरच्यांना आत सोडायचं नाही आणि रात्री साहेबांना उठवायचं नाही. नंतर संचालकांना अटक झाली, त्यात डॉक्टरही होते.

इंग्लंडमधलं इयान पॅटरसन नावाच्या ब्रेस्ट सर्जनचं प्रकरण तर मॅनेजमेंट शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे काम करायचा, गरज नसलेली ऑपरेशनं केली, कित्येक बायकांचं वर्षानुवर्षं नुकसान झालं. २०१७ मध्ये दोषी ठरला, शिक्षा पुढे २० वर्षांची झाली, आणि २०२० मध्ये चौकशीचा अहवाल आला त्यात दिसलं की सहकाऱ्यांनी शंका आधीच बोलून दाखवल्या होत्या, ऐकणाऱ्यांनी त्या तिथेच सोडून दिल्या. खाजगी हॉस्पिटलात जो सर्जन पेशंट आणतो त्याला प्रश्न विचारणं सगळ्यात अवघड. तुमच्याकडे पेशंट मोठ्या सरांच्या नावावर येतात, तीच गोष्ट.

तेव्हा विकू नका असं मी म्हणत नाही, पैशाची गरज असेल, पुढच्या पिढीला चालवायचं नसेल तर जरूर विका. फक्त सासऱ्यांशी बोलायला लागू नये म्हणून हॉस्पिटल विकू नका.

चार-पाच वर्षं थांबायचं म्हणाल तर, तुमच्या यजमानांनी हिशोब केलाय का माहीत नाही, महिन्याला साठ ऑपरेशन धरली तर पाच वर्षांत साडेतीन हजारांच्या वर होतात. ती माणसं मोठे सर निवृत्त व्हायची वाट बघत ओटीच्या टेबलावर झोपणार नाहीयेत.

आता समजवायचं कसं. जेवणाच्या ताटावर तर नक्कीच नाही, ते तुम्हाला कळलंच आहे. घरी ते बाबा आहेत, तिथे त्यांच्या टाक्यांबद्दल सुनेने बोलणं हा अपमानच होणार, त्यात त्यांची चूक मी फारशी धरत नाही. चाळीस वर्षं रात्री दोनला उठून गेलेला माणूस आहे, ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याचंही केलंय, गावाने सर म्हटलंय ते उगाच नाही. त्या माणसाला तुमचं चुकलं म्हणायला गेलात तर तो चाळीस वर्षांचा हिशोब मांडणार आणि त्या हिशोबात तो जिंकणार. म्हणून एक उलटी वाट सुचवते. तुमचे सासरे सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस झालेत. त्यांना एखाद्या दिवशी, हॉस्पिटलात, ओपीडी संपल्यावर चहा घेताना विचारा, "सर, तुमच्या वेळी कॉलेजात मॉर्टालिटी मीटिंग कशी व्हायची?" (घरात बाबा, हॉस्पिटलात सर. हे दोन शब्द एकमेकांच्या घरात जाऊ देऊ नका, बरंच सोपं होतं.) सरकारी कॉलेजात शिकलेला त्या पिढीचा सर्जन या विषयावर अर्धा तास तरी बोलतोच. गेलेल्या किंवा बिघडलेल्या प्रत्येक पेशंटची केस सगळ्यांसमोर मांडायची, ज्युनिअर रेसिडेंट उभा राहून बोलणार, पहिल्या रांगेत बॉस, काय चुकलं ते फळ्यावर. ते या शिस्तीत वाढलेत हो. गावात आल्यावर एकटे पडले, प्रश्न विचारणारा बॉस उरला नाही, मग हळूहळू स्वतःच बॉस झाले आणि मीटिंग राहून गेली. त्यांची ती मीटिंग परत सुरू करायचीय असं म्हणा. नवी पद्धत आणायचीय म्हणू नका, आणि तो एनएबीएचचा (हॉस्पिटलांच्या मानांकनाचा) शब्द तर पहिले सहा महिने तोंडातून काढूच नका.

एनएबीएचवरून आठवलं. तुम्ही कन्सल्टंट लावून फायली करून घेतल्यात आणि त्या काचेच्या कपाटात आहेत हे वाचून हसू आलं, रागावू नका, अर्ध्या महाराष्ट्रात ती कपाटं आहेत. त्या फायलींत दुसऱ्याच हॉस्पिटलचं नाव कुठेतरी राहिलेलं असतं, शोधा, सापडेल. मानांकन वाईट नाही, त्यात मॅनेजमेंटच्या जबाबदाऱ्यांवर एक वेगळं प्रकरणच आहे आणि ते चांगलं लिहिलंय, पण सरकारी स्कीमचे आणि टीपीएचे (विम्याचे दावे बघणाऱ्या कंपन्यांचे) दर वाढावेत म्हणून आणलेलं सर्टिफिकेट भिंतीवर लागतं आणि काटा अडकलेलाच राहतो.

मीटिंग छोटी ठेवा. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं, उभ्या उभ्या झाली तरी चालेल. एक साधं दोनशे पानी रजिस्टर आणा, त्याला 'घटना वही' म्हणा किंवा काहीही म्हणा, आठवड्यात जे बिघडलं, बिघडता बिघडता राहिलं, ते त्यात कोणीही लिहायचं. मावशींनी सांगितलं तर सिस्टरने लिहून घ्यायचं. चूक कोणाची हा रकाना नको, काय झालं आणि आता काय करायचं एवढेच दोन. आणि नियम एकच, सांगणाऱ्याला सांगितल्याबद्दल बोलणी बसणार नाहीत. चुकीबद्दल वेगळं बोला, बंद खोलीत बोला, पण सांगितल्याबद्दल नाही.

हा नियम भिंतीवर लिहून कोणी विश्वास ठेवणार नाही. स्टाफ शहाणा असतो, तो पहिली नोंद कोणाची आहे ते बघतो. म्हणून पहिली नोंद मोठ्या सरांची असली पाहिजे, त्यांच्या हस्ताक्षरात, जानेवारीतल्या त्या तीन केसेसची. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीय. नाही झालं तर छोट्या सरांनी त्या भिरकावलेल्या ट्रेची नोंद करावी. ती वाचून स्टाफ हसेल आणि मग लिहायला लागेल.

ओटीत जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट लावा, २००८ सालची, १९ मुद्द्यांची, एका पानावर मावते. आठ शहरांत तपासली होती, त्यात आपली दिल्लीही होती, २००९ मध्ये निकाल आला, मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेलं. त्यात चाकू लावण्याआधीच्या भागात एक प्रश्न आहे, निर्जंतुकीकरण झाल्याचं, इंडिकेटरसकट, बघितलंय का? हा एक प्रश्न डिसेंबरात मोठ्याने विचारला गेला असता तर तुमचं पत्र मला आलंच नसतं. अजून एक गंमत, त्याच भागात सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. तुमच्याकडे ओटीत सर, मॅडम, सिस्टर, ब्रदर, मामा एवढीच नावं चालतात ना? ज्याला नावाने कोणी हाक मारत नाही तो "थांबा" कसा म्हणेल.

आकडे थोडेच ठेवा. महिन्याला साठ ऑपरेशन असतील तर टक्केवारीच्या भानगडीत पडू नका, नुसतं 'साठातले तीन' लिहा. आणि मोजताना पेशंट घरी गेला की संपलं असं नको, टाक्यांचं इन्फेक्शन साधारण ३० दिवसांपर्यंत धरतात आणि आत रॉड-प्लेट बसवली असेल तर बऱ्याच ऑपरेशनांत ९० दिवस, म्हणजे तुमच्या यजमानांच्या केसेस तीन महिने बघायला हव्यात. काउंटरवरच्या मुलीने तिसाव्या दिवशी एक फोन करायचा, जखम कशी आहे, ताप आला होता का, दुसरीकडे दाखवलं का. हा शेवटचा प्रश्न विचाराच, कारण बिघडलेला पेशंट तुमच्याकडे परत येत नाही, तो समोरच्या हॉस्पिटलात जातो, आणि 'चाळीस वर्षांत पू झाला नाही' यामागे ते एक कारण असू शकतं. हे सासऱ्यांना म्हणू नका, आकडे आले की त्यांना आपोआप कळेल. त्याच कागदावर नोकरी सोडून गेलेल्या नर्सेसचा आकडा लिहा आणि सल्ल्याविरुद्ध सही करून गेलेल्या पेशंटचा. बास.

बाहेरचं एक माणूस आणा. सिव्हिलमधून निवृत्त झालेली मेट्रन, एखादा पॅथॉलॉजिस्ट, कोणीही चालेल, फक्त घरातलं नको आणि तुमच्याकडून केसेस मिळणारं नको. महिन्यातून दोन तास येऊन वही वाचेल, मानधन द्या, चहा-पोह्यावर भागवू नका.

आता एक जरा खाजगी विचारते. तुम्ही पगार घेता का? 'अ‍ॅडमिन बघते' असं लिहिलंय, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे असं नाही. नेमणुकीचं पत्र आहे? माझा अंदाज आहे नसणार, घरचंच तर आहे, सुनेला कसला पगार. पण मग तुमचा शब्द हा सूनबाईंचा शब्द आहे, आणि सूनबाईंच्या शब्दावर ऑटोक्लेव्हवाला येत नाही, त्याला आधी सासूबाईंना विचारावं लागतं चेक फाडू का. कागद करून घ्या. पद, पगार, आणि पन्नास हजारांपर्यंतची दुरुस्ती कोणालाही न विचारता करायचा अधिकार. नवऱ्यासमोर हा विषय काढताना हक्क वगैरे शब्द वापरू नका असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मी म्हणते वापरा. पुण्याच्या नोकरीचं पत्र टेबलावर असताना वापरलात तर जास्त बरं.

सासूबाईंच्या काउंटरलाही हे लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईला अनामत रकमेवरून दाखल करून न घेतल्याचा जो आरोप झाला तो तुम्हाला आठवत असेल, नंतर त्या हॉस्पिटलने इमर्जन्सीत अनामत घेणार नाही असं जाहीर केलं. जाहीर नंतर झालं. तुमच्याकडे रात्री अकराला अ‍ॅक्सिडेंट आला तर पैसे भरायच्या आधी आत घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं? जीव धोक्यात असेल तर आधी उपचार हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय, ते काउंटरच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवा, म्हणजे सासूबाई नसतील त्या रात्री बसणारा मुलगा घाबरून चुकीचं ठरवणार नाही.

दिराच्या मेडिकलला मात्र आत्ता हात घालू नका. तुम्ही त्यावर दीड पान लिहिलंय, रेट, ब्रँड, एक्स्पायरीचा माल, सगळं खरं असेल. पण एकाच वर्षात ओटी आणि मेडिकल दोन्ही उघडलंत तर सगळं घर एका बाजूला आणि तुम्ही एका बाजूला व्हाल आणि वही बंद पडेल. एक्स्पायरीचं तेवढं आजच थांबवा, त्यात वाट बघण्यासारखं काही नाही, आणि औषध बाहेरून आणलं तरी चालेल असा बोर्ड लावा. बाकी हिशोब पुढच्या वर्षी, बाहेरच्या सीएकडून.

कागदपत्रांचं मात्र बघाच. हॉस्पिटल कोणाच्या नावावर आहे? सासऱ्यांची प्रोप्रायटरशिप (एकट्याची मालकी) असेल, आणि मला तसंच वाटतंय, तर नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन, सोनोग्राफीचं, प्रदूषण मंडळाचं, फायरचं, सगळं एका ७१ वर्षांच्या माणसाच्या नावावर आहे, आणि उद्या नुकसानभरपाईचा दावा झाला तर हॉस्पिटल आणि राहतं घर यात कायदा भिंत बघत नाही. बाहेरून येणाऱ्या सर्जनने केलं, आमचं काय, हेही चालत नाही, सुप्रीम कोर्टाने २००४ च्या निकालात हॉस्पिटलच्या अंगावर उत्तर टाकलेलं आहे. फायरचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत भरायचा असतो, शेवटचा कधी भरला ते बघा. पेशंटच्या हक्कांची सनद लावायची हा महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांचा भाग आहे, तीही बहुतेक पाण्याच्या फिल्टरमागे असेल. मोठ्या सरांशी वारसाहक्काच्या बाजूने हे बोलता येईल, 'तुमच्यानंतर' हा शब्द मात्र यजमानांना उच्चारू दे, तुम्ही नको.

आणि ते तीन पेशंट. तुमच्या पत्रात त्यांना 'केसेस' म्हटलंय, मीही वर तेच म्हटलं. त्यांना कोणी सांगितलं का? की मशीनच्या बिघाडाचा संशय आहे? की जास्तीच्या ड्रेसिंगचं, अँटिबायोटिकचं बिलही त्यांनीच भरलं? मला कळतं सांगायची भीती का वाटते. काच फुटेल, व्हिडिओ व्हायरल होईल, वकिलाची नोटीस येईल, भाऊबंद जीप भरून येतील. होऊ शकतं. वकिलाशी आणि इन्शुरन्सवाल्याशी आधी बोला, पण न सांगण्यासाठी नाही, नीट सांगता यावं म्हणून बोला. बोलवा, बसवा, मोठ्या सरांनी स्वतः सांगावं, पैसे परत करा, पुढचं सगळं ड्रेसिंग फुकट. पेशंटने लेखी मागितलं तर ७२ तासांत कागद द्यावेच लागतात, त्यामुळे लपवून कितीसं लपणार आहे. आणि माझा अनुभव असा की तालुक्याच्या गावात लोक पू झाल्यापेक्षा उडवाउडवीवर जास्त चिडतात. सगळे नाही, काही जण काहीही केलं तरी दगड उचलतात. तरी सांगायला पाहिजे असंच मला वाटतं, आणि तुम्ही या एका गोष्टीला नाही म्हणालात तर बाकी वही-मीटिंग हे सगळं आपण आपल्या समाधानासाठी करतोय असं होईल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी, म्हणजे पंधरा-वीस डॉक्टरांनी शेअर घेऊन काढलेल्या प्रायव्हेट लिमिटेड हॉस्पिटलातल्या डायरेक्टर मंडळींसाठी दोन वाक्यं. कंपनी कायद्याने वर्षात बोर्डाच्या किमान चार मीटिंगा लागतात (कायद्याच्या व्याख्येतली 'छोटी कंपनी' असेल तर दोन), त्यातल्या किती खरंच झाल्या आणि किती फक्त सही करून झाल्या हे तुम्हाला माहितीय, आणि राजीनामा दिला तरी तुमच्या काळातल्या चुकांची जबाबदारी मागे लागतेच. पुढच्या मीटिंगमध्ये सीटी स्कॅनच्या हप्त्याआधी इन्फेक्शनचा आकडा घ्या, बघा खोलीत किती जण मोबाईल काढतात. आणि सिस्टर लोकांनो, तुमच्याकडे वही नसेल तर स्वतःच्या डायरीत तारीख टाकून लिहून ठेवा कधी, कोणाला, काय सांगितलं ते.

ताई, सहा महिने द्या. स्पोअर टेस्ट दर आठवड्याला होतेय, वहीत नोंदी येतायत, आणि एकदा तरी मोठे सर कोणाचं ऐकून ओटी थांबवतात असं झालं तर पुण्याला नकार कळवा. पण सांगितलं म्हणून कोणाला परत बोलणी बसली, किंवा मशीन परत बिघडलं असताना ऑपरेशन झालं, तर पुण्याला जा, घर मोडलं असं कोणी म्हटलं तरी जा. तिथे राहून तुम्ही फक्त त्या काचेच्या कपाटाची किल्ली सांभाळाल.

एक राहिलं. तो ब्रदर, ज्याने डिसेंबरात काटा बघितला आणि सांगितलं, त्याचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाहीये. तो अजून कामावर आहे ना? की जानेवारीनंतर त्याची रात्रपाळी लावली? आधी ते कळवा.